पिंपातून बेटापर्यंत

परत आल्यापासून टपरीवर जो येतो तो एकच विचारतो, "मंदाताई, मासे बघितले का?" बघितले बाबांनो. पिवळे बघितले, निळे बघितले, पोपटासारखी चोच असलेला एक बघितला, आणि एक तर असा गाल फुगवून बसला होता की मला आमच्या थोरल्या नणंदेची आठवण झाली. पण नुसते मासेच सांगायचे असते तर भजी तळता तळता सांगून मोकळी झाले असते. लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती सांगताना मध्येच कुणी "दोन चहा!" म्हणून ओरडलेलं मला चालणार नाही.

बेटाचं नाव सांगणार नाही, रागावू नका. अंदमानातलं आहे, लहान आहे, एवढं पुरे. लोहगडवाडीत गडाच्या पायथ्याला माझी टपरी आहे. पिठलं, भाकरी, कांदाभजी, ताक. गडावर कोण कसं येतं आणि काय टाकून जातं हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांची रांग पार खालपर्यंत जाते, आणि माणसं गड बघायला आलीत की एकमेकांच्या पाठी बघायला, तेच कळत नाही. त्यांच्यावरच माझी चूल पेटते, तेव्हा मी नावं ठेवू नयेत. पण एखादी शांत जागा माझ्या तोंडून फुटावी आणि तिचंही असंच व्हावं, हे पाप मला नको.

आता आमचे हे. नाव गौतम. तळेगावच्या एका कंपनीत फिटर आहेत. रोज मोटरसायकलवरून सोमाटणे ओलांडून कामाला जातात, डबा खातात, परत येतात. कंपनीत त्यांना गौतम फिटर म्हणतात. मावळात मात्र वेगळ्याच कामासाठी ओळखतात. धरणात, ओढ्यात, धबधब्याखालच्या डोहात कुणी बुडालं की गावोगावच्या पोहणाऱ्या माणसांना फोन जातात, आणि त्यात ह्यांना पहिला. दोरी, गळ आणि ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, एवढं ह्यांचं सामान. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. दम धरून तळापर्यंत जातो आणि जो गेलाय त्याला वर घेऊन येतो. जिवंत माणूस हाताला लागला असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेक वेळा फोन येतो तोवरच उशीर झालेला असतो.

हे अशा कामाला गेले की मी मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापत ठेवते. आले की बाहेरच अंघोळ करतात आणि मग घरात येतात. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. लग्न नवं होतं तेव्हा एकदा विचारलं होतं, "खाली दिसतं तरी कसं?"

"दिसत काय न्हाई गं. सगळा गाळ असतो. मी डोळं मिटूनच असतो. हाताला लागतं."

पुन्हा विचारलं नाही. धरणाचा मासा आमच्या घरात शिजत नाही, त्याचं कारणही मी कधी विचारलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी एका मुलीला काढलं. हातावरची मेंदी ताजी होती, एवढंच म्हणाले. त्यानंतर मात्र माणूस बदलला. रस्त्यात धरण आलं की मान दुसरीकडं. लावणीच्या खाचरात गुडघाभर पाणी ते काय, तरी बांधाबांधानं जायला लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्या माणसाला मी सुखानं पाण्यात उतरलेलं कधी बघितलंच नाही. गावची माणसं विहिरीत उड्या मारतात, नदीत डुंबतात. हे उतरतात ते कुणी गेलं तरच. ह्यांना एकदा तरी पाण्यात हसताना बघायचं, असं मी मनाशी धरलं. मी एकदा धरलं की सोडत नाही, हे सासरी सगळ्यांना चांगलं ठाऊक आहे.

पिंप

आमची लेक स्नेहा पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. स्नॉर्केलिंग म्हणतात त्याला. डोळ्यांवर नाकासकट काचेचा मुखवटा चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. श्वास नळीतनं. पाणी असं नितळ की तळाला पडलेली सुईसुद्धा सापडावी. "आई, पोहता आलं नाही तरी चालतं. अंगात तरंगायचं जाकीट असतं," स्नेहा म्हणाली. मी तिथंच ठरवलं. गढूळ पाण्यानं जे केलं ते नितळ पाण्यानं फेडावं.

हे शेजारी चहा पीत होते. एक नजर टाकली आणि कप ठेवून उठले. "पालथं पडून काय बगायचं?" म्हणाले आणि बाहेर गेले.

मी रात्री जेवायला वाढताना सांगितलं, "मी चालले आहे अंदमानला. मला पोहता येत नाही. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर मी एकटी जाते आणि काय व्हायचं ते होईल."

"असलं वंगाळ बोलू नगंस."

"मग येताय?"

भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "येतो," म्हणाले, पण असं की जणू मी कोर्टात उभं केलंय.

तिकिटं, बोट, राहायची सोय, सगळं स्नेहानं केलं. माझ्या वाट्याला तयारी आली. मुखवटा आणि नळी कुरिअरनं आली. त्यासोबत सूचना होती की काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची. मला वाटलं स्नेहा थट्टा करतेय. फोन करून विचारलं, तर खरंच तसं असतं. मी मेली आयुष्यभर गिऱ्हाइकांचे पेले उकळत्या पाण्यातनं काढणारी, आणि आता हे.

टपरीमागं पाण्याचं निळं पिंप आहे. वार मधला होता, गर्दी नव्हती. मुखवटा चढवला, नळी दातांत धरली, पदर खोचला आणि पिंपात डोकं घातलं. पहिल्या दमात पाणीच आत आलं. ठसका लागला. पुन्हा घातलं. हळूहळू जमायला लागलं. पिंपाच्या तळाला शेवाळ आणि मागच्या वर्षी हरवलेला माझा चमचा दिसला. मी खुशीत येऊन आतच राहिले. तेवढ्यात पाठीवर कुणीतरी हात ठेवला. डोकं वर काढलं तर मुंबईची दोन पोरं पाठीवर पिशव्या लावून उभी, चेहरे पांढरेफटक.

"मावशी, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीये? समुद्राची तयारी करतेय. बसा, भजी टाकते."

त्यांनी माझा मुखवट्यासकट फोटो काढला. कुठं कुठं गेलाय तो देव जाणे. अजून कुणी कुणी येऊन विचारतं, पिंपवाल्या मावशी त्या तुम्हीच का म्हणून.

फुगवट्याच्या काठी

पिंप झालं, पण पिंपात पाय जमिनीवर असतात. धरणाच्या फुगवट्याला उथळ पाण्यात मला एकदा पालथं पडून बघायचं होतं. ह्यांच्या मागं लागून लागून एका दुपारी मोटरसायकल तिकडं वळवायला लावली. काठाला आल्यावर ह्यांनी काय करावं? गाडीला अडकवलेल्या पिशवीतून दोरी काढली आणि माझ्या कमरेला बांधली. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. मी म्हणाले, "अहो, मी म्हैस आहे का?" त्यांनी गाठ अजून एकदा ओढून बघितली.

कमरेएवढ्या पाण्यात ते माझ्याशेजारी उभे राहिले. मी मुखवटा घालून पालथी पडले, आणि पडले न पडले तोच मानगुटीला धरून वर. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई." पुन्हा पडले, पुन्हा वर. तिसऱ्यांदा मी चिडले. "मला एक श्वास तरी घेऊ द्या! तुम्ही असं उपटत राहिलात तर मी बुडायच्या आधी मान मोडून मरेन." त्यांच्याकडं बघितलं तर मनगटावरची दोरी अजून एक वेढा देऊन आवळत होते.

तेवढ्यात काठावरून हाक आली. आमच्या वाटेवरचे तुकाराम आबा म्हशी घेऊन पाण्यावर आले होते. त्यांनी ह्यांना कमरेएवढ्या पाण्यात, हातात दोरी घेऊन उभं असलेलं बघितलं आणि वरनंच ओरडले, "गौतमा! कोण गेलं रं?"

झालं. वर रस्त्यावर दोन मोटरसायकली थांबल्या. मग एक टेम्पो. माणसं उतरून खाली यायला लागली. "पुण्याची व्हती का?" "किती जण व्हते?" "पोलिसास्नी कळवलं का?" एकानं तर आंदर मावळातल्या दुसऱ्या पोहणाऱ्याला फोनही लावला. मी मुखवटा कपाळावर चढवून ओरडत होते की कुणी गेलं नाही, आम्ही आपले असेच आलोय, पण माझं ऐकतंय कोण. बाईमाणसाला धक्का बसलाय असं धरून एक मावशी मला पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

हे दोरी गुंडाळत बाहेर आले. सगळ्यांना हात जोडले आणि मोटरसायकलवर जाऊन बसले. मी मागं बसल्यावर न वळताच म्हणाले, "बगितलंस? मी पान्यात दिसलो की लोकास्नी मढंच आठवतं. माजं न् पान्याचं तेवडंच नातं हाय. तू उगा हट्ट नगं करूस."

ओल्या साडीत, वाऱ्यात कुडकुडत घरी आले. राग आला होता आणि रडूही येत होतं. हट्ट मात्र सोडला नाही.

बेट

विमानाचं सांगत नाही. बोटीत मी ओकले, त्याचंही सांगत नाही. माघ लागला होता. आमच्याकडं सकाळी अंगावर गोधडी लागत होती आणि तिथं उतरलो तर घामानं चिंब.

निताईदा आणि शेफाली या नवराबायकोच्या घरी आमची उतरायची सोय होती. निताईदांचे वडील बंगालमधून आलेले. जंगल तोडून त्यांनी तिथं शेत केलं. घराभोवती सुपारी, नारळ, अंगणात कोंबड्या, आणि मागं बघते तर भाताची खाचरं! कापणी होऊन गेलेली, नुसतं काड उभं. समुद्रात एवढ्या लांब येऊन पहिलं काय दिसावं तर भाताचं काड. हे बांधावर उकिडवे बसले, माती चिमटीत घेऊन बघितली आणि पहिल्यांदा जरा सैल झाले.

तिथलं सगळं बोलणं हिंदीत. माझी हिंदी टपरीवरची, "कांदाभजी खतम हो गया" एवढ्यापुरती, पण निभलं. जेवायला मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण आणि ढीगभर भात. तांदूळ जाड, आमच्या इंद्रायणीचा वास त्याला कुठला, पण कालवणाबरोबर तोच गोड लागला. हे ताटाकडं बघत बसले. मग माझ्या कानाशी आले, "धरणाचा न्हाई ना?" इथं धरण कुठलं आणायचं! मी म्हणाले, "समुद्राचा आहे, खा." खाल्ला.

शेफाली हातात पळी घेऊन दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडं बघत होती. "खाना ठीक है?" मला हसूच आलं. मी रोज अशीच उभी असते. गिऱ्हाइकानं पहिला घास तोंडात घातला की माझा जीव असाच टांगणीला लागतो. इतक्या वर्षांत पलीकडच्या बाजूला बसायची माझी ही पहिलीच वेळ. मी उठले, तिच्या हाताला धरलं आणि सांगितलं, "बहोत अच्छा." दुसऱ्या दिवशी तिच्या शेगडीवर मी सोबत नेलेल्या पिठाची भाकरी थापून दाखवली. तिनं एक थापली, ती अर्धी तव्यावर आणि अर्धी जमिनीवर. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

आणि पाणी! किनाऱ्यावर गेल्यावर मी जागच्या जागी थांबले. काठाला नुसतं काचेसारखं, पुढं पोपटी, त्यापुढं निळं, आणि माणसं म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. ना गाणी लावलेल्या गाड्या, ना वेफर्सच्या पिशव्या. भरती आल्यावर पाण्यात जाऊ, जाकिटं घेऊन येतो, असं सांगून निताईदा गेले. आम्ही झाडाखाली शहाळी घेऊन बसलो. मी समुद्राकडं तोंड करून, हे अर्थातच पाठ करून.

शहाळं संपलं तसं ते टाकायला हे उठले आणि वळले. हात तसाच राहिला. पाण्यात बऱ्याच आत एक धिप्पाड माणूस पालथा तरंगत होता. हात पसरलेले, डोकं पाण्यात, हालचाल काही नाही.

मला कळायच्या आत हे धावले. पँट, खिशातला मोबाइल, सगळ्यासकट पाण्यात. असे सपासप हात मारत गेले की त्यांच्या वयाचा माणूस कुणी म्हणणार नाही. जाऊन त्या माणसाला उलटा केला, हनुवटीखाली हात घातला आणि ओढत निघाले. तो माणूस अर्थातच धडधाकट होता. मासे बघत निवांत पडला होता बिचारा. तो हातपाय झाडायला लागला, "अरे छोड़ो भाई! छोड़ो!" आणि हे मराठीत त्याला धीर देतायत, "घाबरू नगा, म्या सोडत न्हाई!" बुडणारा माणूस झटापट करतोच, तेव्हा त्याला अजून घट्ट धरायचं, हे ह्यांच्या हाडात मुरलेलं. तो जेवढा सुटायला बघतोय तेवढे हे आवळतायत. शेवटी वाळूत आणून पाडला, पालथा घातला आणि पाठीत दणादण हात.

मी धावत जाऊन ह्यांचा हात धरला. "अहो, जिवंत आहे तो! मासे बघत होता!"

हात हवेतच थांबला. नळी तिकडं पडली होती, ती ह्यांनी बघितली. मग त्या माणसाचा मुखवटा बघितला. तसेच वाळूत बसले.

तो माणूस दिल्लीकडचा होता. त्याची बायको ओरडत आली, चारदोन माणसं जमली, कुणी हसायलाही लागलं. मी त्या बाईचे हात धरले आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, "हमारे गाँव में लोग डूबते हैं. ये उनको बाहर निकालते हैं. वहाँ पानी में ऐसा उलटा जो दिखता है ना बहन, वो कभी जिंदा नहीं होता."

हसणं थांबलं. तो माणूस मिशीतली वाळू झटकत उठून बसला. त्यानं ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "भाई साहब, मैं सच में डूब रहा होता, तो मुझे आप ही चाहिए थे." भला माणूस. देव त्याला सुखात ठेवो.

ह्यांनी मान वर केली नाही. निताईदा जाकिटं घेऊन आले, ती तशीच परत गेली. संध्याकाळी अंगणात बसलो असताना म्हणाले, "उद्या तू जा. म्या काठावर बसतो. लोकास्नी तरास नगं."

"मी तुम्हाला इतक्या लांब काठावर बसायला आणलंय?"

"मंदे," आवाज एवढासा झाला होता, "तू पालथी पडलीस की मला बगवत न्हाई गं."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मनातलं एवढं उघडं करून कधी सांगितलं नव्हतं. माझा राग जागच्या जागी विरला. पण मीही काही कमी नाही. म्हणाले, "मग तुम्हीही माझ्याशेजारी पालथे पडा. दोघं खाली बघतोय म्हटल्यावर मी पालथी आहे की उताणी, तुम्हाला दिसणारच नाही."

त्यांनी विचार केला. कंपनीत एखादा बिघडलेला पंप पुढ्यात आला की करतात तसाच गंभीर विचार. आणि म्हणाले, "हां. तसं करता येईल."

पाण्याखाली

सकाळी निघायच्या आधी दोघांनी बुद्धवंदना म्हटली. निताईदांनी जाकिटं बांधली, मुखवटे चढवले, एक मोठं रबरी कडं दिलं. आम्ही दोघांनी एकेका हातानं कडं धरायचं, ते ओढत नेणार. "नीचे पैर मत रखना," तळाच्या पोवळ्यांबद्दल त्यांनी बजावलं. "वो पत्थर नहीं है, जिंदा है." म्हटलं, लावलेल्या भातावर पाय देत नाही आम्ही, काळजी नको.

ह्यांनी माझा दुसरा हात धरला. बोटं दुखतील इतका घट्ट. आणि दोघं एकदम पालथे पडलो.

पहिला श्वास नळीतनं खर्रकन आला आणि मग मी श्वास घेते आहे हेच विसरले. काय सांगू! खाली एक अख्खं गाव वसलेलं. दगडासारखे गोल गोल ढीग, त्यांच्यावर झुडपं, झुडपांत घरं, आणि त्यातनं माशांची ये-जा चाललेली, बाजाराच्या दिवशी असते तशी. एक पिवळा घोळका थेट माझ्या नाकासमोरून वळला. खरंच नाकासमोरून! हीच ती नणंदबाई, गाल फुगवून दगडाखाली बसलेली. हात पुढं केला तर सरकून बाजूला होतात, पण पळत नाहीत. मी ह्यांचा हात दाबला, बोट करून दाखवलं. काही नाही. पुन्हा दाबला. नुसते शांत तरंगत होते.

मग मी त्यांच्या कड्यावरच्या हाताकडं बघितलं. कडं कधीच सुटलं होतं. तो हात खाली पाण्यात लोंबत होता आणि बोटं हळूहळू उघडमीट करत होती, काहीतरी चाचपडत.

मान वळवून मी त्यांच्या मुखवट्यात डोकावले. डोळे घट्ट मिटलेले होते.

एवढं लांब आलो, एवढं नितळ पाणी, आणि हा माणूस अजून त्याच धरणाच्या तळाला होता. सवयीनं डोळे मिटून शोधत होता. तोंडात नळी, हाक मारता येत नाही. मी ह्यांचा हात सोडवून घेतला, जाकिटाच्या भरवशावर कडंही सोडलं, त्यांच्या समोर गेले आणि दारावर वाजवावं तसं नखानं मुखवट्याच्या काचेवर वाजवलं. टक टक. काही नाही. पुन्हा टक टक.

डोळे उघडले.

समोर माझं तोंड. तोंडात नळी खुपसलेली, डोळे मोठे झालेले, केस चारी दिशांना तरंगतायत. भुतासारखी दिसत असणार मी. पण ते बघतच राहिले. पापणी लवली नाही त्यांची. मग हात वर आला आणि माझ्या गालाला लागला. इतका हलका, की मला आधी मासाच वाटला. मला हसू फुटलं, नाकात पाणी गेलं, तरी मी खालीच राहिले. आणि मुखवट्याच्या आत रडायला लागले. मुखवट्याच्या आतलं रडणं पुसता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

किती वेळ गेला माहीत नाही. मग ह्यांनी मला डिवचलं. खाली बोट करून दाखवत होते. पोपटाच्या चोचीचा तो हिरवा मासा कडाकडा दगड चावत होता. पाण्याखाली त्याचा आवाजसुद्धा येत होता. हे त्याच्यामागं निघाले, मी ह्यांच्यामागं, आणि निताईदा रिकामं कडं घेऊन आमच्या मागं.

वर आल्यावर ह्यांनी मुखवटा कपाळावर सारला. चेहऱ्यावर काचेचा गोल वळ उठला होता. धापा टाकत म्हणाले, "मंदे, पान्याखाली कुणी माज्याकडं बगतंय, असं आजवर कदी झालंच न्हवतं गं."

आणि हसले. मी बघितलं ते. त्याच्यासाठीच आले होते.

नंतर मात्र ते बाहेर येईनात. मी दमून काठावर येऊन बसले, शेफालीनं दिलेल्या भाताच्या लाह्या खाल्ल्या, तरी हे पाण्यातच. दिल्लीवाले शेजारून पोहत जाताना थट्टेनं म्हणाले, "आज नहीं बचाओगे?" ह्यांनी हात हलवला आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं. मी काठावरनं बघत होते. आमचे हे पालथे तरंगत होते, हात पसरून, अगदी निश्चल. मी उठून पाण्याकडं दोन पावलं गेलेही. ते कसल्या भीतीनं मला मानगूट धरून वर ओढत होते, ते मला तेव्हा खरं कळलं. मग नळीतून फुर्र करून पाणी उडालं, आणि मी पुढची लाही तोंडात टाकली.

घरी

मावळातलं पाणी काही नितळ झालेलं नाही. पाऊस सुरू होईल, लोक येतील, पाटी वाचणार नाहीत, हात धरून खाली उतरतील, आणि ह्यांचा फोन वाजेल. ते जातील. सोडा ते काम, असं मी कधी म्हणणार नाही. कुणाचं तरी लेकरू असतं ते, कुणीतरी घरी पोचवायला हवं. मी पाणी तापवून ठेवीन.

पण शिमग्याच्या आसपास एका दुपारी कंपनीला सुट्टी होती, टपरीवर कुणी नव्हतं, आणि हे आपणहून म्हणाले, "चल जरा." कुठं ते सांगितलं नाही. मोटरसायकल फुगवट्याच्या काठाला नेऊन उभी केली. दोरी काढली नाही. अंगातला सदरा काढून माझ्याकडं दिला आणि सरळ पाण्यात शिरले. गढूळ पाणी, खाली काही म्हणता काही दिसत नाही. ते आत गेले, उताणे झाले आणि आभाळाकडं बघत पडून राहिले. मी काठाला बसून त्यांच्या सदऱ्याची घडी घालत होते.

तुकाराम आबा म्हशी घेऊन आले. त्यांनी पाण्यात ह्यांना बघितलं आणि जागीच थांबून ओरडले, "गौतमा! कोण गेलं रं?"

हे उताण्याचे उभे झाले. तोंडावरचं पाणी पुसून मोठ्यानं ओरडले, "कुणी न्हाई, आबा! उगाच उतरलोय!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. म्हशी त्यांना ओलांडून पाण्यात गेल्या तरी ते काठी टेकून तसेच उभे होते. वर रस्त्यावर दोघं मोटरसायकल थांबवून खाली डोकावत होते. आबा त्यांच्याकडं वळले आणि हात करून ओरडले, "जावा रं जावा. कुणी न्हाई गेलं. गौतम पवतोय."